न घसरणारी दौत

शरदातल्या उन्हाला काही गंध असेल, तर माझ्यापुरता तो वितळत्या राळेचा आहे. पडवीत निखाऱ्यांवर ठेवलेली पितळी वाटी, तिच्यात मधाच्या रंगाने हळूहळू सैल होत जाणारी राळ, तिच्यावर चिमटीचिमटीने पडणारे मेण, आणि त्या वाटीवर वाकलेली, बोटांच्या पेरांवर शाईचे जुने डाग वागवणारी एक कृश, शांत आकृती. समोरच्या उतारावरची सोनकीची फुले उन्हात मिसळून जात, दरीतून धुक्याचे उरलेसुरले पदर वर येऊन अंगणातच विरत, आणि ते काडीने वाटी ढवळत असे तल्लीन होऊन बसत, की होमात आहुती टाकणाऱ्याच्या मुद्रेवरही तितके समाधान मी कधी पाहिले नाही. पुढे पुढे मला त्या समाधानाचीच भीती वाटू लागली.

ते म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचे नाव घेण्याची आमच्या काळी रीत नव्हती. उंबरकोंडातली लहानथोर माणसे त्यांना मास्तर म्हणत, आणि मनातल्या मनात मीही त्यांना मास्तरच म्हणू लागले. उंबरकोंड ही पोलादपूरच्या वर, आंबेनळीचा रस्ता बाजूला सोडून डोंगराच्या खांद्यावर बसलेली लहानशी वाडी. घरे पायरीपायरीने उतार चढत गेलेली, खालच्या घराच्या छपरावर वरच्या अंगणातल्या शेवग्याची फुले गळावीत अशी. मधून एक ओढा, त्यावर लाकडांचा साकव, आणि पलीकडे काळ्या कातळावर वाघजाईचे देऊळ. देवळाच्या मंडपातच शाळा भरे. मास्तर ती शाळा चालवीत, आणि उरलेल्या वेळात आमच्या पडवीतल्या मेजावर टपालाचेही काम पाहत.

वाडीतले कर्ते पुरुष बहुतेक मुंबईला, कुणी गिरणीत, कुणी गोदीत. मागे बायका, म्हातारी आणि पोरे. टपाल आले की दुपारच्या कलत्या उन्हात बायका पडवीच्या कडेला येऊन बसत, आणि मास्तर एकेकीचे पत्र हाती घेत. ते नुसते वाचीत नसत. ज्याचे पत्र असेल त्याची लकब त्यांच्या गळ्यात उतरे; दूर धुराच्या गावात राबणारा तो पुरुष क्षणभर आमच्या पडवीत येऊन उभा राही, आणि पत्राची घडी मिटली की निघून जाई. शेजारची सखू तर नवऱ्याचे पत्र ऐकताना खांबाआड तोंड लपवी. म्हणे, "मास्तर, जरा हळू वाचा, माझी सासू आयकतेय." मग मास्तर आवाज इतका खाली आणीत की शब्द ओठांवरून नव्हे, कागदावरूनच उचलून घ्यावेत.

त्यांच्या स्वभावाचे मूळ एकाच गोष्टीत होते: वस्तूने आपल्या जागी असावे. बालपणी त्यांच्या वडिलांच्या बदल्या होत गेल्या. बैलगाडीत बोचकी बांधली जात, आणि प्रत्येक वेळी काहीतरी मागे राही. एकदा आईची सहाण राहिली, एकदा पाळलेले मांजर. मोठेपणी तेच त्यांच्याही नशिबी आले. महाडला उमेदवारी, मग पाचाडला शाळा, तिथे रायगडाच्या सावलीत संसार जरा कुठे रुजतो आहे तोच पुन्हा हुकूम. उंबरकोंडात पाय ठेवला त्या दिवशी त्यांनी पडवीच्या खांबाला पाठ टेकली, खालची दरी, पलीकडची निळी रांग, छपरांवरून उठणारा धूर असे सगळे संथपणे पाहून घेतले आणि म्हणाले, "आता इथून मी हलायचा नाही." आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. तेव्हा हे न हलणे तरी त्यांना लाभावे, असे मलाही वाटले.

पुढच्याच भाद्रपदात मेजावरचा टाक पहिल्यांदा घरंगळला.

त्याचा आवाज मला अजून ओळखता येईल. आधी लाकडावरून एक बारीकशी धाव, मग क्षणभर काहीच नाही, मग सारवलेल्या जमिनीवर पडल्याचा मऊ टप्प. मास्तरांनी तो उचलून ठेवला. चार दिवसांनी रूळ गेला. मग दौत सरकू लागली, जाड काचेची, तळाला अष्टकोनी अशी. ती घरंगळत नसे, लिहिता लिहिता केव्हातरी तसूभर पुढे गेलेली आढळे, एखादे शहाणे मूल आईचे लक्ष नाही असे पाहून दाराकडे सरकावे तशी. मास्तरांना एक सवयच लागली. उजव्या हाताने लिहायचे आणि डाव्या हाताचा पंजा दौतीच्या पुढे आडवा धरून ठेवायचा. समईला वाऱ्याचा आडोसा करताना आपण धरतो तसा. त्या हाताकडे पाहून मला उगीच गलबलून येई.

मेजाचा पाय आखूड झाला असेल म्हणून त्यांनी त्याखाली लाकडी चकती बसवली. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी मेजाचा नाद सोडला आणि वस्तूंनाच पाय रोवायला शिकवायचे ठरवले.

पहिला प्रयोग फणसाच्या चिकाचा. चीक तापवून त्यांनी दौतीच्या तळाला लावला. दुसऱ्या दिवशी दौत उचलायला गेले तर टीपकागद, पाकीट आणि मेजावरचे मेणकापड असे सगळे तिच्याबरोबर वर आले. मी पदर तोंडाला लावून हसले, तेही हसले. त्या घरातले आमचे ते शेवटचे निर्धास्त हसणे असावे. मग राळ आणि मेण. गोणपाटाचे गोल तुकडे कापून त्यांवर तो पातळ रस ओतायचा, वर ओढ्याची बारीक चाळलेली वाळू भुरभुरायची, आणि सावलीत वाळवायचे. या चकत्या थंडीत नामी धरत. पण उन्हाळा तोंडावर आला की राळ पाझरेल हे त्यांनी आधीच ताडले होते. म्हणून महाडला गेले तेव्हा सायकलवाल्याकडून एक फाटकी ट्यूब मागून आणली. तिच्या चकत्या कात्रीने कापल्या, पाट्यावर घासून खरबरीत केल्या, आणि तोच फणसाचा चीक यावेळी अगदी पुसट लावून त्या दौतीखाली, शिक्क्याखाली, शाईच्या गादीखाली, टपालाच्या तराजूखाली बसवल्या. रबरावर धूळ बसली की ते निसटते, म्हणून दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसायचे, असाही नेम घातला.

काम पुरे झाले त्या संध्याकाळी त्यांनी तर्जनीने दौतीला हळूच ढोसले. दौत हलली नाही. पुन्हा ढोसले. दौत हलली नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी जो चेहरा केला, त्यात पन्नाशीकडे झुकलेल्या पुरुषाचे काही नव्हते. बोचकी बांधली जात असताना आपले मांजर घट्ट कवटाळून बसलेले एक मूल त्यात होते.

ही विद्या वाडीभर पसरायला वेळ लागला नाही. कुणाचा पाटा वाटताना पुढे जाई, कुणाची घडवंची घागरीसकट कलू लागली होती, कुणाच्या देव्हाऱ्यातले देव एका कोपऱ्यात गोळा होत. बायका येऊन सांगत आणि मास्तर आनंदाने राळ तापवीत. त्या हिवाळ्यात उंबरकोंडातल्या घराघरांत वस्तू आपापल्या जागी निमूट बसून राहिल्या. मार्गशीर्षातली ती निरभ्र, कोरडी दुपार आठवते: दूरच्या कड्यावर घारींची वर्तुळे, अंगणात नाचणीच्या कणसांचा तांबूस ढीग, आणि सगळ्या वाडीवर अशी स्तब्धता, की कुणीतरी श्वास रोखून उभे असावे.

पण जे वस्तूंना सांगता आले ते घरांना कसे सांगावे? पाणवठ्याचा झरा आटला आणि थोडा खाली, कुणी कधी पाणी पाहिले नव्हते अशा जागी फुटला. बायकांनी घागरी तिकडे नेल्या. शिमग्याला मुंबईहून पुरुष आले, तेव्हा वरच्या शेताला आडवी भेग गेलेली त्यांना दिसली. त्यांनी तीत दगडमाती भरली, पालख्या नाचवल्या आणि ते परत गेले. एके सकाळी सखू लुगड्याचा ओचा सावरीत आली. तिची चिमुरडी चंद्री तिच्या पाठी होती.

"मास्तरीणबाय, मास्तर हायत का? माझा उंबरा तिरका झालाय गो. दार लागत नाय."

मास्तर हत्यारे घेऊन गेले. दाराची फळी रंधली, चौकटीखाली पाचर ठोकली, दार लावून दाखवले. सखू हसली, पण तिची नजर चौकटीवरच होती. "मास्तर, काय भ्यायचा नाय ना?"

"अगं, घरालाही वय होतं, सखू," मास्तर म्हणाले. "माणसासारखं तेही एका अंगावर कलतं. त्यात भ्यायचं काय?"

ते वाक्य तिला पुरले. तिने ते सासूला सांगितले, सासूने भिवा गावकराला, आणि थोड्याच दिवसांत ती वाडीची म्हणच होऊन बसली. कुणाची भिंत चिरली की दुसरा म्हणे, घराला वय व्हतं, मास्तर बोललेत. मास्तरांच्या तोंडचे वाक्य. त्याला टपालाच्या शिक्क्याइतकेच वजन होते.

त्या वर्षीचा आषाढ नेहमीसारखाच होता. श्रावण मात्र तसा नव्हता. श्रावणाने ऊन-पावसाचा खेळ खेळावा, हिरव्या कुरणांवर क्षणात पिवळे आणि क्षणात करडे रंग उधळावेत, अशी आमची ओळख. यंदा त्याने एकच रंग आणला, भिजलेल्या राखेचा. दिवस उगवला हे उजेडाने कळत नसे, कोंबड्याच्या आवाजाने कळे. आणि पुढे पुढे कोंबडेही आरवेनासे झाले. पाऊस पडतो आहे असे वाटेनासे झाले. तो जणू उभाच होता, आकाश आणि डोंगर यांच्यामध्ये, भिंतीसारखा. साकव निसरडा झाला म्हणून मास्तरांनी शाळा बंद ठेवली होती. गोठ्यातली गुरे बसायला तयार नव्हती. आणि दुपारच्या सामसुमीत, पावसाच्या आवाजाच्याही खाली, एक दुसरा आवाज मला ऐकू येऊ लागला होता. खोल जमिनीत कुणीतरी जड जाते ओढीत असावे, आणि त्यात दाणे नसावेत.

मी मास्तरांना विचारले. त्यांनी कान दिला. "ओढा गरजतोय," ते म्हणाले. पण लिहिताना त्यांचा डावा हात पुन्हा दौतीपुढे आडवा झाला होता. खाली रबर होते, दौत हलत नव्हती, तरी.

ती दुपार आली तेव्हा मी मेज पुसत होते. दौतीपाशी फडके थांबले. काचेतून शाई दिसत होती. दरीच्या बाजूला ती काठाला टेकली होती आणि डोंगराच्या बाजूला तळ उघडा पडत होता.

"अहो," मी म्हणाले, "शाई अशी एका बाजूला का गेलीय?"

ते उठून आले. वाकून पाहिले. मग दौत रबरासकट उचलून जागच्या जागी अर्धी फिरवून ठेवली. शाईही फिरली, काचेत संथपणे वळून पुन्हा दरीच्या बाजूला जाऊन टेकली. दौत थांबली होती, शाई थांबली नव्हती. ती वर्षभर त्यांच्या नाकासमोर खरे बोलत होती आणि ते तिच्यातच टाक बुडवून लिहीत होते.

त्यांनी नखाने दौतीखालचे रबर सोलले आणि तिला नुसत्या लाकडावर ठेवले. ती निघाली. ओढून न्यावी तशी सरळ मेजाच्या कडेपर्यंत गेली आणि खाली पडली. मग त्यांनी शिक्क्याखालचे सोलले. तोही त्याच वाटेने गेला. मग शाईची गादी, मग तराजू. एकेक वस्तू ते मोकळी करीत आणि ती जाताना पाहत. कुणालाच अडवीत नव्हते. शेवटी मेज रिकामे झाले. सारवलेल्या जमिनीवर काळी शाई पसरली आणि तिचा ओघळही त्याच दिशेला, उंबऱ्याकडे, अंगणाकडे, दरीकडे निघाला.

"मेज नाही गं कललेलं," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता, सखूचे पत्र वाचताना जायचा तसा. "डोंगर निघालाय."

ते तसेच, डोक्यावर काही न घेता, भिवा गावकराकडे गेले. मी मागोमाग गेले. गावकर वाडीतला मोठा माणूस, वरच्या अंगाला त्याचे घर. तो चुलीपाशी विडी ओढीत बसला होता. मास्तरांनी सांगितले, सगळ्यांना घेऊन ओढ्यापलीकडे, कातळावर चला. आता, या घटकेला.

गावकराने शांतपणे धूर सोडला. "मास्तर, तुमीच बोललात ना, घराला वय व्हतं म्हनून? मंग आज काय झाला?"

"मी चुकलो. भिवा, हात जोडतो, मी चुकलो."

"या पावसात म्हातारीकोतारी घेवन कुठं जायचा? आनि गुरां? तुमी घरला जा, मास्तर. भिजून ताप येल."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी त्यांचेच वाक्य त्यांना हसत ऐकवले गेले. चौथ्या घराच्या पायरीपाशी मास्तर थांबले. पावसाचे पाणी त्यांच्या कपाळावरून, मिटल्या ओठांवरून ओघळत होते. शब्दांवर आयुष्य काढलेल्या त्या माणसाचे सगळे शब्द त्यांनी स्वतःच काही महिन्यांपूर्वी खर्चून टाकले होते.

ते वळले आणि धावत सुटले. मी त्यांना धावताना त्याआधी कधी पाहिले नव्हते. साकव ओलांडून ते कातळावर चढले, देवळाच्या मंडपात टांगलेला लोखंडी टोल त्यांनी गाठला आणि शाळेची घंटा बडवायला सुरुवात केली.

पावसाच्या त्या राखाडी भिंतीतून तो नाद आरपार गेला. कितीतरी दिवस कोंडलेली पोरे. शाळेची घंटा झाली एवढेच त्यांना कळले. पोरे घोंगड्या, इरली, काहीच नाही तर पाट्या डोक्यावर धरून घराघरांतून बाहेर पडली. साकवावरून एकमेकांचे हात धरून, किंचाळत, हसत ती पलीकडे गेली. त्यांच्यामागे आया धावल्या, शिव्या देत, हाका मारीत. "मास्तर खुळा झालाय!" कुणीतरी ओरडले. मास्तर घंटा वाजवीतच राहिले. हाताची सालटे निघाली तरी थांबले नाहीत. जे पोर येईल त्याला मी मंडपात आत आत ढकलीत होते, आणि ज्या आया न्यायला आल्या त्यांना मास्तर परत जाऊ देईनात. दारात हात पसरून उभे राहिले. वर्षभर ज्या हाताने दौत अडवली तो हात आता बायकामुलांपुढे आडवा होता.

सखू चंद्रीला शोधत आली. तिने मास्तरांच्या डोळ्यांत पाहिले आणि एकाच क्षणात तिला सगळे कळले. "माझी सासू," ती म्हणाली. "ती उठत नाय. मास्तर, ती घरात हाय."

पोरांमागे आलेल्या दोन जाणत्या पुरुषांना घेऊन मास्तर परत गेले. सखूला त्यांनी बजावले, इथून हलू नकोस. मी तिच्या दंडाला धरून उभी होते. पण मंडपात एक पोर घसरून पडले, मी त्याला उचलायला वाकले, आणि वर पाहिले तर सखू साकवावर होती.

"अगं सखू!" मी ओरडले.

तिने मागे वळून म्हटले, "दाव्याला गाय बांधलेली हाय गो! सोडते नि येते!"

खालच्या वाटेने मास्तर आणि ते दोघे म्हातारीला घोंगडीच्या झोळीत घालून येत होते. सखू वरच्या वाटेने गेली. त्यांची गाठ पडली नाही. झोळी कातळावर टेकली, म्हातारीने "सखू कुठं?" म्हणून विचारले, आणि त्याच क्षणी पाऊस थांबल्यासारखे वाटले. थांबला नव्हता. त्याहून मोठे काहीतरी सुरू होण्याआधीची ती पोकळी होती.

लोक मला विचारत की कडा कोसळला तेव्हा आवाज कसा झाला. आवाज नंतर झाला. आधी झाडे चालली. गावकराच्या घरामागचे ऐन आणि किंजळ उभीच्या उभी, फांदीही न हलवता खाली निघाली, देवाच्या पालखीमागे माणसे निघावीत तशी. छपरे त्यांच्याबरोबर निघाली. एक छप्पर क्षणभर नीट तरंगत होते, त्यातून धूरही येत होता. मग सगळे एकमेकांत मिसळले, आणि मग तो आवाज आला. त्याचे वर्णन मला करता येत नाही आणि करायचेही नाही. त्याच्यामागून वास आला, उघड्या पडलेल्या मातीचा, तुटलेल्या मुळांचा, थंड; माणसांनी कधी घेऊ नये असा.

ओढा होता तिथे ओढा राहिला नाही. आमचा कातळ तेवढा राहिला. मास्तर साकव होता त्या जागेच्या काठाशी उभे होते. त्यांनी सखूला एकदाच हाक मारली. गणूच्या आवाजात मारली, तिच्या नवऱ्याच्या, पत्र वाचताना काढीत त्या आवाजात. त्यांना ते कळले होते की नाही, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरची माणसे वाट काढीत वर आली. आम्ही देवळातच होतो. भिवा गावकर आणि वरच्या अंगाची माणसे, सखू, तिची गाय, यांतले काहीच हाती लागले नाही. संध्याकाळी मंडपाच्या कोपऱ्यात मास्तर माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "तिने मला विचारलं होतं, भ्यायचं नाही ना म्हणून. मी पाचर ठोकून दिली." मी त्यांचा सोललेला हात माझ्या हातात घेतला. त्यांनी तो घेऊ दिला, इतकेच.

मग मुंबईचे पुरुष आले. पावसात समुद्रावरच्या बोटी बंद. खाडीतून धरमतरपर्यंत लाँचने, पुढे मिळेल त्या मोटारीने आणि उरलेले पायी. उघडिपीची पहिली सकाळ होती. ओल्या, तांबड्या, प्रचंड उतारावर कोवळे ऊन पडले होते, आणि त्या उन्हाइतके निर्दय असे दुसरे काही मला आठवत नाही. गिरणीच्या मळक्या सदऱ्यांतली ती माणसे कडेला ओळीने उभी राहिली. कुणी रडत नव्हते. रडायलाही आपल्या दारात उभे राहावे लागते, आणि दार कुठे ते कुणाला उमगत नव्हते. शेवटी गणू पुढे झाला. चंद्री त्याच्या कडेवर होती.

"मास्तर," तो म्हणाला, "माझा घर कुठं व्हता?"

मास्तरांनी त्याचे मनगट धरले. त्या चिखलातून, उलट्या पडलेल्या मुळांतून ते त्याला सावकाश घेऊन गेले. मधेच थांबले, समोरची रांग पाहिली, देवळाचा कळस पाहिला, दोन पावले मागे आले, एक पाऊल उजवीकडे. मग हात लांब करून हवेत बोट धरले.

"ही तुझी पडवी. इथून पाणवठ्याची वाट वळायची. हा मेढीचा खांब. इथं, या खांबाआड बसायची ती, तुझं पत्र आमच्याकडे ऐकून आली की तेच शब्द पुन्हा पुटपुटायची. मी जाताना ऐकलंय."

गणू त्या बोटाकडे पाहत राहिला. मग त्याने खाली वाकून पायातल्या वहाणा काढल्या, चिखलात एका बाजूला नीट जोडून ठेवल्या, आणि नसलेला उंबरा ओलांडून आत गेला. तिथे बसल्यावर त्याला रडू फुटले.

मग दुसरा आला. "आनि माझा, मास्तर?" मग तिसरा. ऊन डोक्यावर येऊन कलले तरी मास्तर त्या उतारावरून हिंडत होते आणि हवेत घरे उभी करीत होते. चकत्या बसवायला, टपाल पोचवायला घरोघर जाताना प्रत्येक पायरी त्यांच्या पायांना ठाऊक झालेली. कुठल्या दाराशी वाकावे लागते, कुठल्या अंगणात तुळशीला वळसा घालावा लागतो, सगळे. दिवस मावळताना सबंध उंबरकोंड पुन्हा तिथे उभे होते, एका माणसाच्या बोटांच्या टोकांवर. आणि ती माणसे त्या अदृश्य वाडीत आपापल्या दारी बसली होती.

त्यानंतर आमची बदली महाडला झाली. सावित्रीच्या काठी भाड्याच्या घरात आमची पुढची वर्षे गेली. मास्तर शिकवीत, पण पत्र वाचून दाखवा म्हणून कुणी आले तर सपाट, स्वतःच्याच आवाजात वाचून देत. वादळी दिवसांत ते खिडकीशी उभे राहत. नदीकडे पाहत नसत, पूर्वेच्या डोंगराकडे पाहत. अखेरच्या आजारात, भान कमी होत गेले तेव्हा, त्यांचा उजवा हात अधूनमधून अंथरुणावरून उठे आणि बोट हवेत स्थिरावे. कुणाचे घर दाखवताहेत, हे मी कधी विचारले नाही. पौषातल्या एका स्वच्छ सकाळी तो हात उठला नाही.

मागे एकदा चंद्री आली होती. आता लेकुरवाळी, मुंबईची. मला घेऊन उंबरकोंडच्या जागी गेली. उतार कारवीने झाकून गेला आहे. त्या वर्षी कारवी फुलली होती, आणि निळसर जांभळ्या फुलांवर मधमाश्यांचा असा गुंजारव चालला होता, की जणू डोंगराच्या अंगावर कधी काही ओरखडलेच नव्हते. पाऊलवाट नाही, दगडाचा चौथरा नाही. चंद्रीने उतार वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाली, "काकी, आमचं घर नक्की कुठं होतं?"

मी हात उचलला. सखूचा हसरा आवाज मला आठवत होता, तिच्या लुगड्याचा रंग आठवत होता, तिने मागे वळून म्हटलेले शेवटचे शब्द आठवत होते. पण बोट कुठे धरायचे ते मला ठाऊक नव्हते. ते एकाच माणसाला ठाऊक होते. फुलांवरून वाऱ्याची एक झुळूक गेली, माझा हात तसाच हवेत राहिला, आणि चंद्री समजून गेली. तिने तो हळूच खाली घेतला आणि आपल्या हातात धरून ठेवला.

माणूस गेले की त्याची आठवण त्याच्या जागा सांभाळतात, असे आपण म्हणतो. पण जागाही जातात, आणि त्यांची आठवण सांभाळायला मग एखादे माणूस लागते. तेही कधीतरी उठून जाते, आणि मागे उरतो तो नुसता काळ, कारवीसारखा फुलणारा, आपण कुणाच्या अंगणात फुलतो आहोत हे ठाऊक नसलेला.